बुलेटचा पुढचा ब्रेक दर दोन महिन्यांनी जातो? नवे लायनर घेण्याआधी चाक लेथवर चढवा

गल्लीत फिरवली तर ब्रेक झकास. घाट उतरायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या वळणाला लिव्हर मुठीला टेकते आणि गाडी पुढे सरकतच राहते. खाली येऊन दहा मिनिटं थांबलं की पुन्हा ब्रेक बरा. केबल ताणली की चाक एका जागी घासतं, सैल केली की लिव्हर पोकळ. नवे लायनर टाकले की महिना-दीड महिना सुखाचा जातो आणि मग पहिले पाढे पंचावन्न. जुन्या ड्रम ब्रेकच्या गाडीत ही सगळी लक्षणं एकत्र दिसत असतील तर हे तुमच्यासाठी लिहितोय. (ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ गोल डबा, शू म्हणजे त्याला आतून दाबणारे दोन अर्धगोल तुकडे, आणि शूवर चिकटवलेला घासणारा थर तो लायनर.) मी यात दीड वर्ष घालवलं, तीन वेळा लायनर बदलले आणि तिन्ही वेळा चुकीच्या वस्तूवर पैसे घातले.

गाडी आमच्या मामांची, १९८६ ची बुलेट ३५०. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक. मामांचं घर कोल्हापूरच्या सुतारवाड्यात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माणसं बाहेर काढली, सामान माळ्यावर टाकलं, पण गाडी खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर बघितली तर टाकीवर गाळाचा थर बसलेला, चाकं जाम. ती मी घरी आणली. इंजिन, वायरिंग, रंग यात एक वर्ष गेलं, त्याबद्दल आज काही सांगत नाही. पुढच्या चाकाला सात इंची ड्रम आणि दोन कॅमची प्लेट आहे, म्हणजे शू ज्यावर बसतात ती तबकडी, आणि तिच्यात प्रत्येक शू ड्रमवर ढकलायला वेगळा फिरता तुकडा (कॅम). ही प्लेट मामांनीच कधीतरी नंतर बसवून घेतलेली. रिम गंजून गेली होती म्हणून नवी रिम, नवे स्पोक घातले. हे स्पोकचं लक्षात ठेवा, सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

पहिल्यांदा ब्रेक लागेना तेव्हा मला वाटलं लायनर कडक आहेत. मऊ लायनर टाकले, सहा आठवडे बरे गेले. मग वाटलं केबल. तीही नवी टाकली, सोबत परत लायनर. पुढच्या पावसाळ्याआधी पन्हाळ्याहून उतरताना वाघबीळच्या वळणावर समोर उसाची ट्रॉली आडवी आली. मागचा ब्रेक आणि दुसरा गिअर यांच्या जोरावर गाडी थांबली, पण मागे बसलेल्या पुतण्याचे हात माझ्या खांद्यात रुतले होते ते मी अजून विसरलो नाही. त्या दिवसानंतर ब्रेक नीट होईपर्यंत गाडी घाटात न्यायची नाही असं ठरवलं.

तिसऱ्यांदा लायनर लावून घ्यायला मी शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या लेथवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी काढलेले शू हातात घेतले, उजेडाकडे धरले आणि माझ्यापुढे केले.

"हितं बघ. मधीच काळाकुट्ट झालाय, कडंला कोराच हाय. ह्यो लायनर घासलाच न्हाई, निस्ता भाजलाय."

"मग अजून मऊ टाकू का, मामा?"

"कायबी टाक, तसंच हुणार. निस्तं शू आणून काय उपेग? चाक घिऊन ये, टायरसकट."

या एका वाक्यात माझ्या दीड वर्षाचं उत्तर होतं.

लायनरचा पृष्ठभाग ड्रमला सगळीकडे टेकला तरच ब्रेक लागतो. माझा लायनर मधल्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यातच टेकत होता. घाटात गाडीची सगळी ताकद त्या पट्ट्यातून उष्णता होऊन बाहेर पडायची, तो भाग भाजून काचेसारखा गुळगुळीत व्हायचा आणि पकड जायची. त्यात तापलेला ड्रम फुगतो, म्हणजे शूपासून आणखी लांब जातो. म्हणून लिव्हर खोल जायची आणि गार झाल्यावर पुन्हा वर यायची. बरं, केबल ताणून ते अंतर भरून काढावं तर ड्रम गोल नसल्यामुळे चाक एका जागी घासायचं. मग नाइलाजाने सैल ठेवायचं. वर सांगितलेली सगळी लक्षणं या एकाच कारणातून येतात आणि नुसते लायनर बदलून यातलं एकही जात नाही.

आधी खडूने बघा

शाळेचा साधा पांढरा खडू घ्या. ड्रम आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि घासणाऱ्या पृष्ठभागावर सगळीकडे खडू फिरवा. चाक बसवा, हाताने फिरवत ब्रेक तीन-चार वेळा बेताने दाबा, चाक परत काढा. शूवर पांढरं जिथे लागलं तिथेच ब्रेक आहे, बाकीचा लायनर नुसता शोभेला. पांढरं फक्त मधे असेल तर शूची गोलाई ड्रमपेक्षा लहान आहे. फक्त दोन्ही टोकांना असेल तर शूची गोलाई मोठी आहे आणि असा ब्रेक झटका मारतो, पहिल्याच दाबाला चाक धरतो. एका शूवर भरपूर आणि दुसऱ्यावर काहीच नाही असं दिसलं तर दोन कॅममधल्या दांडीचं सेटिंग चुकलंय, त्याकडे पुढे येतो. रुंदीत एकाच कडेला लागलं असेल तर प्लेट किंवा शू तिरका बसतोय.

दुसरी चाचणी कानाची. केबलचा नट हळूहळू आवळत न्या, चाक जेमतेम घासायला लागेपर्यंत, आणि मग फिरवा. सलग 'सर्रर्र' आला तर ड्रम गोल आहे. घासणं मधेच तुटत असेल, किंवा गाडी सावकाश चालवताना ब्रेक दाबल्यावर लिव्हर बोटांखाली धडधडत असेल, तर ड्रम लंबगोल झालाय असं धरून चाला. मात्र त्याआधी चाक दोन हातांनी धरून आडवं हलवून बघा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तरी असाच आवाज येतो आणि मग पुढची सगळी मापं खोटी ठरतात. पुरात बुडालेल्या गाडीची बेअरिंग तर न बघता बदला.

आकड्यात बघायचं असेल तर एक्सल बाकावरच्या शिकंज्यात धरून चाक त्याच्याच बेअरिंगवर फिरवा आणि डायल गेजचं (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापयंत्राचं) टोक ड्रमच्या आत टेकवा. माझ्या ड्रममध्ये काटा ०.३५ मिलिमीटर हलत होता. हे अंतर डोळ्याला दिसत नाही, पण ड्रम ब्रेकच्या हिशेबात खूप आहे.

ड्रम लंबगोल का होतो, आणि तो कसा कापायचा

पुढचा ड्रम हबचाच (चाकाच्या मधल्या गाभ्याचाच) भाग असतो आणि हबला चारी बाजूंनी स्पोक ओढत असतात. नव्या रिमला नवे स्पोक घालून ताण दिला की हब त्या ओढीने किंचित वाकतो. ताण कमी-जास्त असेल तर वाकणंही कमी-जास्त. मी काय केलं होतं? मोकळा हब आधी लेथवर गोल करून घेतला आणि नंतर स्पोक भरले. म्हणजे गोल केलेली वस्तू मीच परत वाकडी केली. कोल्हापुरात फाउंड्रीच्या आसपास वाढलेल्या माणसाला ओतकामाचा हा स्वभाव ठाऊक असायला हवा होता. मला तो लेथवाल्या मामांनी समोर दाखवून दिला: चार स्पोक सैल केले, डायलचा काटा सरकला.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी नवी बेअरिंग आणून त्यांची बैठक तपासा. मग स्पोक भरून रिम ट्रू करा (न डुलता सरळ फिरेल अशी करा), सगळ्या स्पोकचा ताण सारखा करा (पान्याने हलकं ठोकून आवाज ऐका, सगळ्यांचा सूर जवळपास सारखा हवा), टायर चढवा, हवा भरा. आणि या अवस्थेतलं पूर्ण चाक लेथवर न्या. एकोणीस इंची चाक साध्या लहान लेथवर मावत नाही. गॅप बेडचा (मोठी वस्तू मावायला खाच असलेला) किंवा उंच सेंटरचा लेथ लागतो. उद्यमनगरात विचारत गेलात की मिळतो. चकमध्ये (लेथच्या पकडीत) हबची बाहेरची कड धरून कापू देऊ नका. बेअरिंगच्या बैठकीत नेमका बसेल असा मँड्रेल (गोल दांडा) करून त्यावर चाक धरायला सांगा, कारण ड्रम ज्या मध्याभोवती रस्त्यावर फिरणार आहे त्याच मध्याभोवती तो कापला गेला पाहिजे. मँड्रेल करायला वेळ लागतो म्हणून कुणी टाळाटाळ केली तर दुसरा लेथवाला बघा, इथे तडजोड करू नका.

माल कमीत कमी काढायचा. पुराच्या गंजाचे खोल खड्डे राहिले तर राहू देत. चार-दोन बारीक खड्ड्यांनी ब्रेक बिघडत नाही, पण भिंत पातळ झाली की ड्रम लवकर तापतो आणि तडकण्याचा धोका वाढतो. आतल्या बाजूला केसासारखी जरी चीर दिसली तरी तो हब भंगारात टाका. वेल्डिंग करून चालवतो म्हणणाऱ्याकडे थांबू नका.

ड्रम कापला म्हणजे तो मोठा झाला, आणि बाजारात मिळणारा शू मूळ मापाच्या ड्रमसाठी असतो. इथेच बहुतेक जण फसतात. ड्रम टर्निंग करून आणतात, तयार शू टाकतात आणि खडू परत मधेच लागतो. शूवर जाड लायनर चिकटवून घ्या. मग दोन्ही शू स्प्रिंगसकट त्यांच्याच प्लेटवर बसवा, कॅम आणि शूच्या टोकामध्ये पातळ पत्र्याची शिम घाला म्हणजे शू किंचित उघडे राहतील, आणि ही प्लेट एक्सलच्या भोकावरून सेंटर करून लायनर कापून घ्या. ड्रमपेक्षा ०.३ मिलिमीटरच्या आसपास लहान व्यास ठेवा. शिम काढली की शू आत बसतात, चाक मोकळं फिरतं, आणि ब्रेक दाबला की पूर्ण गोलाई टेकते. लायनरच्या पुढच्या कडेला कानशीने पाच-सहा मिलिमीटरचा उतार द्या. तीक्ष्ण कड राहिली तर ती ड्रमला चावते आणि ब्रेक कर्कश ओरडतो.

लायनर कापताना आणि ड्रम साफ करताना धुळीची काळजी घ्या, हे मी हात जोडून सांगतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रम साफ करायची आपल्याकडे सवय आहे, ती बंद करा. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क लावा. पोरं शेजारी उभी असतील तर त्यांना आधी बाहेर पाठवा.

दोन कॅमची दांडी

ज्यांच्या पुढच्या प्लेटला दोन कॅम आहेत त्यांनी हे नीट वाचा, कारण सगळं बरोबर असूनही निम्मा ब्रेक इथे वाया जातो. साध्या प्लेटमध्ये एक शू चाकाच्या फिरण्याबरोबर ड्रममध्ये ओढला जातो आणि आपोआप जोर धरतो, तर दुसरा बाहेर ढकलला जातो. दोन कॅमच्या प्लेटमध्ये दोन्ही शू जोर धरतात, पण ते एकाच क्षणी टेकले तरच. कॅम फिरवणारे दोन्ही आर्म जोडणाऱ्या दांडीची लांबी थोडी चुकली की एक शू काम करतो आणि दुसरा नुसता सोबत बसतो.

सेटिंगला दहा मिनिटं लागतात. दांडीची एका टोकाची पिन काढा. पहिला आर्म हाताने फिरवून शू ड्रमला टेकेपर्यंत न्या आणि तिथेच धरा. सोबतीच्या माणसाला दुसरा आर्म तसाच टेकवून धरायला सांगा. आता दांडीची लांबी अशी करा की पिन जोर न लावता, बोटाने आत गेली पाहिजे. मग लॉक नट आवळा. नट आवळताना दांडी फिरते, म्हणून पिन काढून घालून पुन्हा एकदा बघा.

एक गोष्ट माहीत असू द्या. ही प्लेट पुढे जाताना जितकी जोरदार, तितकीच मागे घसरताना दुबळी, कारण उलट्या दिशेला दोन्ही शू बाहेर ढकलले जातात. जोतिबाच्या चढाला चैत्र यात्रेच्या गर्दीत गाडी उभी करायची वेळ आली तर नुसत्या पुढच्या ब्रेकवर विसंबू नका. मागचा दाबून ठेवा. तो बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

बाकीच्या जोडण्या

ब्रेक पूर्ण दाबलेला असताना केबल आणि आर्म यांच्यात काटकोन किंवा त्याहून थोडा कमी कोन हवा. काटकोन ओलांडला की तुम्ही कितीही जोर लावा, तो वाया जायला लागतो. लायनर झिजले की आर्म काढून दाते सोडून मागे बसवायचा, हा रस्त्याकडेचा उपाय मी स्वतः केलाय आणि तो धोक्याचा आहे. कॅम मर्यादेबाहेर फिरला तर उलटा पडून तिथेच अडकतो, चाक जाम. आर्मचा कोन बिघडला म्हणजे शूची जाडी संपली, एवढंच त्यातून समजायचं.

केबलची परीक्षा सोपी आहे. कुणाला तरी लिव्हर जोरात दाबायला सांगा आणि तुम्ही बाहेरच्या नळीकडे बघा. नळी वळवळत असेल, वाकून सरळ होत असेल, टोकाच्या टोपीत आत शिरत असेल, तर तुमच्या हाताचा जोर तिथे मुरतोय. तुटलेल्या केबलला डाग देऊन नवं निपल (टोकाचा गोळा) लावलेलं असेल तर ती केबल आजच काढा. लिव्हरही बघा. लिव्हर ज्यावर फिरते त्या खिळ्यापासून निपलच्या भोकापर्यंत काहींत २२ मिलिमीटर अंतर असतं, काहींत २७. कमी अंतराची लिव्हर जास्त जोर देते, पण केबल कमी ओढते, म्हणून ती घालायची तर आधी ड्रम आणि शू गोल हवेत. माझी २७ ची होती. शेवटी ती बदलली आणि दोन बोटांत ब्रेक यायला लागला. हेच मी सुरुवातीला केलं असतं तर लिव्हर आणखी लवकर मुठीला टेकली असती.

चाक बसवताना एक्सलचा नट शेवटी आवळा. आधी सैल ठेवून चाक फिरवा, ब्रेक घट्ट दाबा, दाबलेलाच ठेवून नट आवळा. प्लेट आपोआप मध्यावर येते. पैसे लागत नाहीत आणि फरक जाणवतो. बरेच मिस्त्री घाईत हे करत नाहीत, म्हणून उभं राहून करून घ्या.

मागच्या ब्रेकचं दुखणं वेगळं असतं. बुलेटचा मागचा ड्रम आणि चेन स्प्रॉकेट एकाच ओतकामात आहेत आणि हबशी ते रबरांमधून जोडलेले असतात, त्यामुळे स्पोकच्या ताणाने तो सहसा वाकडा होत नाही. तिथे त्रास तेलाचा. हबमध्ये ग्रीस ठासून भरलं की तापून पातळ होतं आणि लायनरवर येतं. चेनला तेल सढळ हाताने घातलं तरी तेच. लायनरवर काळपट, ओलसर डाग आणि करपल्याचा वास आला तर तो लायनर गेला. पेट्रोलने धुवून किंवा शेगडीवर भाजून तेल निघतं असं सांगणारे भेटतील. वरचं निघतं, आतलं तापल्यावर पुन्हा वर येतं. बदलूनच टाका, आणि सीलही. ड्रम टर्निंगवर खर्च करण्याआधी स्प्रॉकेटचे दाते बघा. ते माशाच्या काट्यासारखे टोकदार झाले असतील तर ड्रम तसाही बदलावाच लागणार आहे.

पुरात बुडालेल्या शूबद्दल वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे २०१९ आणि २०२१ च्या पाण्यातल्या गाड्या अजून दारोदार उभ्या आहेत. लायनर जाड दिसतोय म्हणून तो वापरू नका. शू आणि लायनर यांच्यामध्ये गंज फुगतो आणि चिकटवलेला थर आतून सुटतो. बाहेरून काही कळत नाही. माझा मागचा एक लायनर स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालताच अख्खा सुटून हातात आला. तो चालू गाडीत सुटला असता तर चाक जागेवर अडकलं असतं.

सगळं जुळल्यावर लगेच घाट गाठू नका. रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या वेगातून पंधरा-वीस वेळा बेताने ब्रेक लावा, दर वेळी मधे थोडं मोकळं चालवून गार होऊ द्या. ब्रेक दाबून धरून चालवायचं नाही, त्याने नवा लायनर पहिल्याच दिवशी भाजतो. मग चाक काढून खडूची चाचणी परत करा. माझ्या शूवर या वेळी तीन चतुर्थांश भाग पांढरा झाला होता. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर लायनर बसतात, तेव्हा केबल आणि दोन कॅमची दांडी दोन्ही पुन्हा सेट करा. पावसात केर्लीच्या पुढे पाण्यातून गाडी काढलीत तर बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेक हलका घासत न्या, आणि पकड परत आल्याची खात्री झाल्यावरच वेग धरा.